चिमूटभर खार

माहेर माझं कळसाडीचं, लग्न होऊन लोणखेड्याला आली, नि तेव्हापासून लोकांचे उडदाचे पापड लाटते, उन्हाळ्यात घरोघरी बोलावणं, सुमनबाई आल्याशिवाय पीठ कुटायचं नही म्हणायच्या बाया. तुमच्याशी मी नीट मराठी बोलायला बघते हां, घरात आमची अहिराणीच. तर हाताला चव होती माझ्या, काय सांगू तुम्हाला, नि त्याच हातानं मी घात केला.

आमचे हे ट्रॅक्टर चालवायचे. तिखट-मीठ सढळ लागे त्यांना. दोन वर्षांपूर्वी पाय सुजले, चार पावलांत दम लागायचा, शहाद्याचे डॉक्टर म्हणाले हृदय दमलंय, मीठ जवळजवळ बंद, पापड-लोणचं बंद, भाज्या खा. भाज्या खा म्हणायला काय जातं? बिनमिठाचं गिलकं तुम्ही कधी खाल्लंय? ओल्या फडक्यासारखं लागतं. हे एक घास घ्यायचे नि ताट सरकवायचे, म्हणायचे, माले भूक नही शे. शर्ट ढगळ झाला अंगावर. मी चुलीपुढे बसून रडायची, देवाला बोलायची, पन देव काय भाजी चाखायला येतो का.

मंग मला सुचलं. पापडाचा खार घरात कायम, पिठात घातला की पापडाला चव येते, नि खार म्हणजे काही मीठ नही, आमच्या सगळ्या बाया असंच धरून चालतात. गवारीत चिमूटभर टाकला. मऊ शिजली, चवीला आली, हे म्हणाले, आज बरं लागस. दुसऱ्या दिवशी दोडक्यात टाकला, मंग रोजच. दीड भाकर खायला लागले नि मी हरखून गेली, दोन्ही वेळेला हरखून गेली.

महिन्याभरात सूज परत. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. मला वाटलं हे चोरून बाहेर फरसाण खातात, दुसरं काय असणार? मी नको नको ते बोलली. ते म्हणाले, मी काहीच खादं नही वं. मी ऐकलंच नही. शेजारणीसमोर बोलली, तळोद्याला दिलेल्या पोरीला फोन करून बोलली, तुझा बाप चोर आहे. त्यांनी बोलणं सोडलं, नि जेवण बी.

मंग परत दवाखाना. डॉक्टर म्हणाले, भाजीत काय काय टाकता, एकेक सांगा. मी तोऱ्यात सांगितलं, लसूण, जिरं, थेंबभर तेल नि चिमूटभर खार, मीठ बिलकूल नही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मावशी, मिठातलं जे यांना नको, तेच त्या खारात आहे. हे बाजूलाच बसलेले. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. घरी येऊन मी पाय धरले त्यांचे, तर एवढंच म्हणाले, अळणं बी मी खाई लिसू, पन तू माले चोर म्हननी.

खार उकिरड्यावर फेकला. आता वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजते, त्या धुराची चव उतरते, वर ठेचलेला लसूण, भाजून कुटलेले तीळ, कोथिंबीर, लिंबू. गंगाफळ, म्हणजे तुमचा लाल भोपळा, पाण्यात शिजवत नही, तव्यावर लालसर होऊ देते. सूज उतरली, पन खाणं काही वाढलं नही. दोन घास, की बस. हा माणूस माझ्या हातून उपाशी जाणार, असं भाकर थापताना रोज वाटतं.

आज सकाळी म्हटलं, तुम्ही नही तर मी बी नही. ताट दोघांच्या मध्ये ठेवलं. ते म्हणाले, पहिला घास तू ले. मी घेतला. माझ्या तोंडाकडे बघत होते ते. शे का चव? खोटं बोलवेना. म्हटलं, थोडी शे, पहिलेसारखी नही. तर म्हणाले, आते खरं बोलनी, नि ताट ओढलं जवळ. अर्धी भाकर गेली आज, अर्धी. उद्याचं मला ठाऊक नही.

तुम्ही जेवूनच जा बाई, तुमच्या घरात सगळ्यांना भूक लागो. मीठ त्या वाटीत वेगळं ठेवलंय, लागेल तेवढं घ्या. फक्त त्यांच्यासमोर नका घेऊ.