राहायचा शंख

पांढुर्ण्यात पूजेच्या सामानाच्या दुकानात मी उदबत्तीसाठी थांबलो होतो. पुढे म्हातारे नत्थूजी होते.

"शंख पूजेचा देऊ का वाजवायचा?"

"राहायचा दे, सुरेश."

"कोणाले राहायचा?"

"खेकड्याले. नातवानं मुंबईहून आणला अन् जाताना माझ्यापाशी सोडून गेला. शंखातच राहते तो. आता वाढला, जुन्यात मावत नाही."

"मंग वाजवायचाच न्या."

"त्याले मागून भोक असते. हवा लागन."

"नातू कवा येऊन राहिला?"

"यंदा येत नाही म्हणे. ट्रंककॉल आलता. बापानं त्याले कुत्रा घेऊन देला."

"मंग सोडून द्या ना याले जाम नदीत!"

"जमिनीवरचा खेकडा हाय हा, बुडून मरन ना."

"पण नातू नाही, तर कोणासाठी पाळून राहिले?"

"घरात एवढं एकच वाढून राहिलं, बाबू. जरा ढिलाच दे."