पाहणीपुरता पाळणा

घाटगे : ...ते रडणं थांबव आधी. अर्ध्या तासात सरकारी इन्स्पेक्टर येतील. गिरणीच्या पाळणाघरात रडणारं पोर बघून त्यांचा काय समज होईल?

गुरम्मा : पोर हाय, असा होईल.

घाटगे : गुरम्मा, मी कामगार कल्याण अधिकारी आहे. नीट बोल.

गुरम्मा : श्रावणात नीटच बोलले होते की. माझं पोर पाळणाघरात घ्या म्हणून तुमच्या दारात उभी होते. काय म्हणालात?

घाटगे : जागा नाही म्हणालो. नव्हतीच. इथं सुताच्या गाठी रचल्या होत्या.

गुरम्मा : त्यांना बरी जागा झाली.

घाटगे : गाठी ओल्या झाल्या की वाया जातात. पोरं वाळतात.

गोजाबाई : साहेब, पाळण्याचा रंग अजून वला हाय. पोर ठिवलं तर हिरवं निघंल.

घाटगे : मग चटईवर ठेवा. पाळणे दिसायला आहेत. पाळणाघराच्या आया तुम्ही, इतकं कळत नाही?

गोजाबाई : कळायचं कसं? आजवर गाठीच राखल्या. गरीब होत्या बिचाऱ्या, एक कदी रडली न्हाय.

घाटगे : आणीबाणी आहे, बाई. सगळीकडं शिस्त पाहिजे.

गुरम्मा : ह्याला अजून कुणी सांगितलं न्हाय.

घाटगे : गेटवाल्याची दोन पोरं बघ, कशी शहाण्यासारखी झोपलीत.

गोजाबाई : झोपली न्हाईत, झोपवलीत. तुमीच म्हणालात म्हणून सकाळी मी गोळी दिली.

घाटगे : मग यालाही द्या. मोहरीएवढी.

गुरम्मा : अफूची गोळी?

घाटगे : बाळगोळी म्हणतात तिला. घरोघर देतात.

गुरम्मा : ठावं हाय. मी कामावर आले की सासू रोज देती. म्हातारीला डोळ्यानं दिसत न्हाय, पोर उठून रडाय लागलं तर काय करंल ती? सांजच्याला जाते तर ह्यो डोळं उघडत न्हाय. पाजायला घेतलं तर ओढत न्हाय. म्हणून आले होते तुमच्या दारात. आज तुमी पाहणीला दाखवायला पोर आणाय सांगितलं, तर गोळी चुकली. म्हणून रडतोय.

गोजाबाई : अगं अव्वा, मग अंग मोडत असंल त्याचं.

घाटगे : मग देऊन टाका की. त्याचीही सोय, आपलीही.

गोजाबाई : न्हाय देणार.

घाटगे : काय म्हणालात?

गोजाबाई : कमरंच्या चंचीत हाय. न्हाय देणार.

घाटगे : मग गुरम्मा, तू पोर घेऊन घरी जा. दोन पुरेत दाखवायला.

गुरम्मा : जाणार न्हाय. माझी पाळी हाय वाइंडिंग खात्यात. मी कामावर, पोर पाळणाघरात. तुमच्या पाटीवर तसंच लिवलंय म्हणत्यात.

घाटगे : नोकरीचा विचार कर.

गुरम्मा : श्रावणापासनं तेवढाच केला.

(बाहेर मोटार थांबते.)

घाटगे : आले. हे बघ, उद्यापासून घेतो त्याला, शब्द देतो. आता फक्त गप्प कर.

गुरम्मा : उद्या कशाला? आत्ता घ्या. धरा.

घाटगे : मी? अगं, मला लहान पोर घेता येत नाही.

गोजाबाई : डोक्याखाली हात घाला, साहेब. मान सावरत न्हाय त्याला अजून.

घाटगे : इतकं लहान आहे? कधीचं?

गुरम्मा : पुढल्या म्हयन्यात, गड्ड्याच्या जत्रेला वर्साचं होईल.