आधी चपला, मग मुद्दा

...नाही पण तुम्हीच सांगा, बापाशी असं बोलतात का? फर्स्टली म्हणे! आवाज माझा जरा मोठाय, सांभाळून घ्या, लिंबायतला कापडाच्या लूमवर जन्म गेला, त्या खडखडाटात हळू बोललं की बोललोच नाही असं होतं... हां, तर आमची योगिता. तिला इंग्रजी निबंधाची परीक्षा, आणि क्लासच्या प्रवीण सरांनी शिकवलंय, 'मुद्दा मांडायचा तर फर्स्टली, मग सेकंडली, मग थर्डली! वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही!' बरं, लिही ना बाई पेपरात! ही घरातच सुरू! 'मम्मी, फर्स्टली भाजीत मीठ नाही, सेकंडली नळ गेला.' आमची सरला म्हणते, 'आधी ताट उचल, मग बोल!'

तुम्हाला सांगतो, आमच्या घरात अशी रीतच नाही. आमच्यात महत्त्वाचं बोलणं चपला घातल्यावर! माझे थोरले भाऊ, गणपतभाऊ, अमळनेरहून आले, दुपारभर बसले, शेवभाजी झाली, चहा झाला, गावात कुणाची म्हैस व्याली तेही झालं... मग उठले, चपला घातल्या, 'चाल, येस रे भाऊ', आणि उंबऱ्याबाहेरून काय, 'अरे हां, पोरनं लगीन ठरी गयं ना!' याला म्हणतात सांगणं! ऐकणाऱ्याला जरा दम तर मिळतो.

आणि ही? मी कामावरून आलेलो, तोंडात घास, समोर बसून म्हणते, 'पप्पा, फर्स्टली मला बेंगळुरूला ॲडमिशन मिळाली. सेकंडली हॉस्टेल चांगलंय. थर्डली तुम्ही रडायचं नाही.' संपलं! अहो, रडणं थर्डली? मला तर फर्स्टलीलाच भरून आलं! एकुलती एक पोर हो... पाळण्यात होती तेव्हा शेजारच्या लूमची खडखड थांबली की दचकून जागी व्हायची, मग मीच तोंडानं खडखड करत बसायचो. तिला काय सांगणार? म्हटलं, 'जा.'

निघायचा दिवस आला. दारात रिक्षा. बाईसाहेबांचं चालूच, 'फर्स्टली मम्मीच्या गोळ्या, सेकंडली गॅस बंद करत जा...' मी आपला हो हो म्हणतोय. तिनं बॅग उचलली, सँडल घातली, पट्टा लावला, उंबऱ्याबाहेर गेली... आणि थांबली. थांबली ती थांबलीच. मग एवढ्याशा आवाजात, 'पप्पा... मला तुमच्याशिवाय करमणार नाही.'

घ्या! कुठं गेले प्रवीण सर? सँडल घातल्यावर! अहो, आमचीच निघाली की पोर, गणपतभाऊंची पुतणी! मला म्हणायचं होतं, 'अगं, मलाही.' पण लूमवाल्याचा आवाज, नेमका त्याच वेळी गेला. नुसती मान हलवली. रिक्षा वळली.

पोचल्यावर फोन आला. 'पप्पा, थर्डली पाळताय ना?' म्हटलं, 'हो गं, कधीचं!' फोन ठेवला. वाटलं, चला, घरातलं ते फर्स्टली तरी संपलं... तर सरला बाजूलाच, पदराचं टोक पुढं करून म्हणते, 'फर्स्टली डोळे पुसा, मग सेकंडली खोटं बोला.'