परक्या हाडाचा मांडव

ताई, पायाचं विचारलंत म्हणून सांगते, माझं माहेर आष्टी अन् सासर हे कुंभार पिंपळगाव. लग्न होऊन आले तेव्हा माझ्याइतकी शहाणी सून पंचक्रोशीत न्हाई असं मत होतं, माझं एकटीचंच. शेजारच्या काकू विरजण देऊन राह्यल्या तर मी म्हणे, परक्या घरचं आमच्या दुधात नको. काय ती ऐट, अन् दुधात निम्मं पाणी!

मंग मालक गेले, पोरगा पुण्याला गेला, घरात मी अन् घड्याळ. दोन-तीन उन्हाळे झाले, पापड वाळू घालताना जिन्यावरून पडले, नडगी मोडली. गावातल्या हाडवैदूनं बांबूच्या कांबट्या बांधल्या, म्हणाला, आजी, पाय टेकवायचा न्हाई बिलकुल. पण बाजाराचा दिवस आला अन् मी काठी घेऊन निघाले. घ्यायचं काहीच नव्हतं, चार माणसांनी बरं हाय का म्हणावं एवढ्यासाठी गेल्ते. म्हणले सगळे, हाड मात्र सांधलं न्हाई.

पोरानं जालन्याला नेलं. त्याचं एकच, माय, पाय जुळला न्हाई तर घराला कुलूप, तू पुण्याला. म्हणलं, तुझ्या त्या उंच मजल्यावर कबुतरांशी बोलू का?

डॉक्टर नातवाएवढं लेकरू. म्हणाला, आजी, मधी फट राह्यली, तिथं हाड भरावं लागतं. तुमच्या कमरेचं थोडंच निघेल, त्यात दान केलेलं मिसळू. म्हणलं, कुणाचं रे? तो म्हणाला, गेलेल्या एका बाईचं, नाव सांगत न्हाईत. पोरगा भिंतीकडं बघू लागला. विरजण न घेणारी मी म्हणलं, घाल बाबा. मंग डॉक्टरनं समजावलं, ते हाड म्हणजे दोडक्याच्या वेलाचा मांडव, तुमचं हाड त्याच्यावर चढतं, हळूहळू मांडव जिरतो, वेल राहतो.

काय सांगू तुम्हाला, ऑपरेशन होऊन घरी आले अन् पडल्या पडल्या मी त्या बाईशी बोलायला लागले. पाहुणी म्हणायचे. भाजी टाकताना विचारायचे, काय गं, तिखट चालतं का तुला, लेकरं कुठं असतात तुझी? हसू नका, ताई.

परवा पायाचा फोटो काढला. डॉक्टर खूश, म्हणाला, बराबर भरून आलं, तुमचं कुठलं अन् तिचं कुठलं ओळखू येत न्हाई. पोरगा फोनवर म्हणाला, जिंकलीस माय, राहा तिथंच. राह्यले की. चालते, झाडते, पाणी भरते. पण काल फोडणी देताना तोंड उघडलं अन् मिटलं. सगळं माझंच झालं आता, विचारू कुणाला?

कोण होती बाई, तिच्या लेकराबाळांचं भलं होवो, त्यांची घरं भरलेली राहोत. उठल्या का ताई? बसा, चहा टाकते, एवढी काय जल्दी हाय.