तळीला चार चालत नाहीत

नाही हो, चार चालतच नाहीत! तीन चालतात, पाच चालतात, सात असले तर विचारूच नका, पण चार? तुम्हाला सांगतो, आमच्या खंडोबाला सगळं चालतं, कांदा चालतो, वांगं चालतं, नैवेद्याची भाकरी कुत्र्यानं आधी ओढली तरी चालतं, कारण कुत्रं त्याचंच... पण तळीला चार चालत नाहीत! तळी म्हणजे काय ठाऊक आहे ना? इथं हैदराबादेत आता कुणाला ठाऊक असेल याचा भरवसा राहिला नाही, म्हणून आपलं सांगून ठेवतो. चंपाषष्ठीला तांब्याचं ताट घ्यायचं, त्यात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, वरून मूठभर भंडारा, अन् गडीमाणसांनी डोक्याला टोपी घालून भोवती बसायचं, सगळ्यांनी मिळून ते ताट उचलायचं अन् ओरडायचं, येळकोट येळकोट जय मल्हार! झालं. याला ना शाळा लागते, ना सही. माझ्यासारख्या अंगठेवाल्याला जमतं. फक्त माणसं विषम लागतात.

आता पूर्वी ही काय अडचण होती का? आमच्या चिक्कडपल्लीच्या गल्लीत एकाला हाक मारली की तिघं यायचे. कुणी परभणीचा, कुणी नांदेडचा, सगळे खंडोबावाले, सगळे दफ्तरात चिकटलेले. सात-सात जण बसायचो, ताटाला धरायला जागा पुरायची नाही! अन् मग ते राज्यं वाटायचं निघालं. आमच्या हैदराबाद राज्याचे केले तीन तुकडे, तेलगू इकडं, कानडी तिकडं, मराठवाडा मुंबईला. मुलूख वाटला तो वाटला, माणसंही वाटली हो! तू मराठी का? चल, मुंबई. रोज गल्लीत टांगा उभा, वर पाट, पिंप, तुळशीची कुंडी, अन् मागं डोळे पुसणारी बाई. मी नाही गेलो. माझं ज्वारीचं दुकान, ज्वारीचा तबादला कोण करणार? अन् दुसरं म्हणजे आमचा पोरगा मार्तंड सांगून गेला होता, "बाबा, मी येईपर्यंत घर हलवू नका."

तर साताचे झालो पाच. मी, एकनाथराव, हिम्मतराव, मुकुंदराव, भगवंतराव. पाच म्हणजे ठीक, पाचात देव राजी. तर एक दिवस भगवंतराव आले दुकानात, ज्वारीच्या पोत्यावर बसले अन् म्हणाले, "नामदेवराव, मला मुंबईला दिलं हो!" जशी काही लेकच दिली. गेले बिचारे. उरलो चार. अन् तळीला चार चालत नाहीत!

आमच्या चतुराबाईनं लगेच मार्ग काढला. बायकोचं नाव चतुरा, मग काढणारच की! "मग तीन करा. एकाला म्हणावं, तुम्ही जरा बाजूला बसा." आता सांगा, कुणाला म्हणू? एकनाथराव कोर्टातला कारकून, माझी सगळी पत्रं वाचून दाखवणारा माणूस. त्याला म्हणू? हिम्मतराव असे की त्यांनी येळकोट म्हटलं की विद्यानगरातली कुत्री उठून उभी राहतात. त्यांना म्हणू? का मुकुंदरावांना म्हणू, ज्यांच्या मागंपुढं कुणी नाही, अन् जे वर्षभर या एका दुपारची वाट बघतात? तुमचा हात जास्त झाला, उठा... सरकारला जमतं हो ते. मला नाही जमत.

मी म्हटलं, मार्तंड येईल. मार्तंड आमचा एकुलता, नवसाचा, म्हणून देवाचंच नाव ठेवलेला. युनिव्हर्सिटीत तत्त्वज्ञान शिकला अन् एक दिवस म्हणतो, "बाबा, वजिफा मिळाला, शिष्यवृत्ती. स्कॉटलंडला जातो." कशाला रे? "थिऑलॉजीत एम्. ए. करायला." म्हणजे काय? "म्हणजे देवाचा अभ्यास, बाबा." तुम्हाला सांगतो, लोकांची पोरं विलायतेला डॉक्टरी शिकायला जातात, बालिस्टर व्हायला जातात, माझं गेलं देव शिकायला! कोपऱ्यावरचा सायकलवाला खाजामियाँ विचारतो, "क्या नामदेवराव, बेटा खुदा कू सीखने विलायत गया कते? इत्ते दूर कैकू? वो तो इधरिच है ना!" मी काय सांगू? म्हटलं, हौ भाई, इधरिच है, पण इथं त्याची डिग्री मिळत नाही.

पहिलं पत्र आलं. एकनाथरावांनी वाचलं. "इथं सगळे मला मार्टिन म्हणतात." चतुराबाई उठली, देवापुढं गेली अन् म्हणाली, "घ्या! नवस तुमचा अन् नाव त्यांचं!" दुसरं पत्र आलं. "बाबा, यंदा आम्हाला ईश्वर आहे की नाही हा विषय आहे." म्हटलं, एकनाथराव, पुन्हा वाचा हो. पुन्हा वाचलं. तेच होतं! वर्ष सरल्यावर मी लिहवून घेतलं, बाळा, मग काय ठरलं, आहे का नाही? तर उत्तर काय यावं? "त्याचा निकाल दुसऱ्या वर्षात लागतो."

आता म्हणाल, एवढा शिकलेला मुलगा, तुम्ही कुरकुर कसली करता? कुरकुर नाही हो. लांब गेला, थंडीत राहिला, माझी काही तक्रार नव्हती. अन् यंदा तर भगवंतराव गेले त्याच महिन्यात पत्र आलं, प्रबंधाच्या कामासाठी येतोय, चंपाषष्ठीला घरी असेन! एकनाथराव वाचता वाचता थांबले, मी बोटं मोजली, चार अन् एक पाच! सगळ्या गल्लीला सांगत सुटलो. हिम्मतरावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुकुंदरावांनी नवी टोपी घेतली. चतुराबाईनं चार महिने घरात वांगं आणलं नव्हतं, व्रतच असतं ते, तिनं एवढी मोठी वांगी निखाऱ्यावर टाकली की गल्लीभर वास!

आला. डोक्याला हॅट, अंगात कोट, गालफडं बसलेली. वाकून पाया पडला. म्हटलं, नाही, पोरगं आपलंच आहे.

दुपारी ताट मांडलं. आम्ही चौघं बसलो, माझ्या उजव्या हाताला त्याच्यापुरती जागा सोडली अन् हाक मारली, ये मार्तंडा, धर. तर हा कोपऱ्यात, खुर्चीवर! मांडीवर कागद, गळ्यात कॅमेरा. "तुम्ही करा बाबा. मी बघतो."

म्हटलं, अरे, आधी उचल, मग बघ.

"तसं नाही चालत बाबा. माझा प्रबंध तळीवरच आहे. मी स्वतः बसलो तर अभ्यास कच्चा धरतात. प्रोफेसर म्हणतात, जो ताटाला हात लावतो त्याला तळी दिसत नाही. थोडं अंतर ठेवावं लागतं."

हिम्मतराव म्हणाले, "किती अंतर लागतं रे? स्कॉटलंड पुरलं नाही का?"

पोरगं हसलं, पण खुर्चीवरून हललं नाही. एकनाथराव कोर्टातले, ते म्हणाले, "नामदेवराव, इसम हजर आहे, पण मोजता येत नाही." अन् मोजता येत नाही म्हणजे उरलो किती? चार! शेजारी मल्लय्या घरी होता, भला माणूस आहे, हाक मारली असती तर धोतर सावरत आला असता. पण त्याला काय सांगू? घरात धडधाकट मुलगा खुर्चीवर बसलाय, म्हणून तू ये?

तेवढ्यात मुकुंदराव गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. नवी टोपी सावरत म्हणाले, "मी होतो बाजूला. मला काय, कुठूनही दिसतंय." तुम्हाला सांगतो, मला नाही बघवलं ते. मी म्हटलं, बसा मुकुंदराव. अन् मीच हात काढून घेतला. ज्याच्या घरची तळी त्यानं हात काढलेला मी जन्मात पाहिला नव्हता, तो माझाच पाहिला. उठून बसलो कुठं? जागा होती ती मार्तंडाच्या खुर्चीपाशी, खाली. तिघांनी ताट उचललं. हिम्मतरावांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गेला नसेल त्या दिवशी. अन् हा वाकून माझ्या कानात विचारतो, "बाबा, तुम्ही का उठलात? घरच्या कर्त्यानं बाजूला बसायचं असतं का?"

मी नुसती मान हलवली. ती आडवी हलली की उभी, मलाच कळलं नाही. पण त्यानं लिहून घेतलं! म्हणजे आता स्कॉटलंडातली माणसं वाचणार की मराठ्यांच्या घरी तळीला कर्ता पुरुष लांब बसतो, अशी फार जुनी चाल आहे!

जेवायला मात्र पंगतीत, अगदी मधोमध. भरीत तीनदा मागून घेतलं. भरिताला अंतर लागत नाही हो!

गेला परत. नामपल्लीच्या ठेसनावर पोचवायला गेलो होतो. गाडी सुटायच्या आधी माझा हात धरला त्यानं, अन् बराच वेळ सोडला नाही. "बाबा, मला कळलं तुम्ही का उठलात ते. उशिरा कळलं. पुढच्या वर्षी पदवी हातात असेल, मग कुणाची बंदी नाही. कायमचा येतो. तळीला तुमच्या शेजारी बसतो. शब्द!" मी म्हातारा माणूस, रडलो हो चारचौघांत. घरी येईपर्यंत मोजत होतो, मी, एकनाथराव, हिम्मतराव, मुकुंदराव, अन् मार्तंड. पाच! देवा, पाच!

अन् काल सांजच्याला एकनाथराव दुकानात आले. ज्वारीच्या पोत्यावर बसले. त्याच पोत्यावर! हातात सरकारी कागद. म्हणाले, "नामदेवराव, मलाही मुंबईला दिलं."

मी त्यांना पाणी दिलं. अन् ते पीत होते तोवर बोटं मोजली. मी, हिम्मतराव, मुकुंदराव... अन् मार्तंड.

आता त्याला 'येऊ नको' असं कळवू म्हटलं, तर पत्र लिहून देणारासुद्धा चालला! येऊ दे. येईल तो, बसेल शेजारी, हात पुढं करील... अन् तळीला चार चालत नाहीत हो!