अर्जातले अकरा जण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, केंद्रातले माझे सहकारी, इथे उपचार घेणारे आणि त्यांना रोज दोन जिने चढवून आणणारे त्यांचे घरचे लोक, आणि ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या टायपिस्ट ताई, सर्वांना नमस्कार.

पक्षाघातानं वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणं हे आपलं काम. ते चालतं अनुदानावर, आणि अनुदान मिळतं अर्जावर. अर्ज मी लिहायचो, निदान माझा तसा समज होता. 'समाजाच्या सर्वांगीण उत्थानासाठी' असं मी झोकात लिहिलं की ताई हात थांबवून विचारायच्या, "म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करणार?" एकदा तर जुनाच अर्ज मी नव्या संस्थेसाठी पुढे केला, आभार मात्र जुन्या संस्थेचेच. ताई शांतपणे म्हणाल्या, "नवरी बदलली डॉक्टर, पत्रिका तीच राहिली."

पण एका वर्षी गळ्याशी आलं होतं. अनुदान हुकलं असतं तर महिनाअखेरीस या दाराला कुलूप लागलं असतं. मी लिहिलं, 'चाळीसच्या चाळीस रुग्ण बोलू लागले.' ताईंनी ते वाक्य टाइपच केलं नाही.

"अकरा जण बोलत नाहीत, डॉक्टर."

"अहो ताई, अपयश लिहून कोणी अनुदान देतं का?"

"त्या अकरांत आमचे हे आहेत. खोटं कसं टाइप करू?"

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. अर्जाच्या भरात मीच त्यांना कागदावर बोलतं केलं होतं. खरं सांगतो, मान वर करवेना. मग आम्ही दोघांनी अर्ज नव्यानं लिहिला: अकरा जण बोलत नाहीत, त्यांना चित्रांच्या वह्या हव्यात, आणि त्या वापरायला शिकवणारं एक माणूस हवं. अर्ज मंजूर झाला. तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या, "काय जमलं नाही हे सांगणारा एवढा एकच अर्ज होता." ताई, केंद्र तुम्ही वाचवलंत, आणि माझी लाजही राखलीत.

ताईंचे यजमान समोर बसले आहेत. ते अजूनही बोलत नाहीत. सकाळी मी त्यांना विचारलं, "उद्यापासून ताई घरीच, कसं वाटतंय?" त्यांनी वही उघडली, सावकाश पानं उलटली आणि दोन चित्रांवर बोट ठेवलं. एक घराचं, दुसरं चहाच्या दोन कपांचं.

तेव्हा त्या चहाला उशीर केल्याबद्दल त्या दोघांची, आणि बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपणा सर्वांची क्षमा मागतो. मनापासून आभार.