भिंतीवरचा टिळा

कोलकात्यात दुपारचा खेळ सुटला, तेव्हा थिएटरच्या जिन्यावर माझ्यापुढे दोघी म्हाताऱ्या बहिणी एकेक पायरी उतरत होत्या.

"खुर्च्या होत्या की काटे? कंबर मोडली माझी."

"दिदी, शेवटी रडत होतीस तू."

"पंख्याची धूळ गेली डोळ्यात. आपल्या खोकनने मरेपर्यंत एका सिनेमात खरं दाखवलं नाही. पहिल्या सिनेमात त्याने बाबांना राक्षस केलं..."

"तेव्हापासून तू बोलणं टाकलंस त्याच्याशी."

"आणि ह्या शेवटच्या सिनेमात मला देवी करून ठेवलं. म्हणे भाईफोट्याला भाऊ दारात येतो, बहीण धावत जाऊन दार उघडते, करंगळीने त्याच्या कपाळाला चंदन लावते."

"लोकांना आवडलं की. आपल्या मागची बाई किती हुंदके देत होती."

ती बाई मीच.

"रडायला काय, लोक कांदा चिरतानाही रडतात."

"दिदी, तू बोलणं टाकलंस त्या वर्षी भाईफोट्याला मी सासरहून संध्याकाळी आले, तर भिंतीवर चंदनाचा टिळा होता. भाऊ परगावी असला की लावतात तसा. तू म्हणालीस, खोकन आलाच नाही."

"जपून उतर. पायरी फुटलीये."

"दिदी."

"आला होता, बुलू. संदेश मिठाईचा डबा घेऊन दारात उभा होता. तीनदा हाक मारली त्याने. मी आत भिंतीला टिळा लावत होते."